शंकेची पाल आणि मोराचा होन

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुन्या? तेव्हा डोंगर गुडघ्याएवढे होते आणि शहाणी माणसं मोजायला दोन हात लागायचे. आता एका हाताचीसुद्धा बोटं उरतात, आणि त्यातलं एक तुम्ही स्वतःसाठी धरून ठेवलंय, ते मला दिसतंय.

घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. त्या पेठेत निंबाशेट नावाचा पारखी राहायचा. जुने सोन्याचे होन पारखून देणं हा त्याचा धंदा. कधीकाळी त्या मुलखात एक राजा होऊन गेला होता. राजा गेला, वंश गेला, किल्ल्यावर बाभळी माजल्या. पण त्यानं पाडलेले होन मागं राहिले. एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला राजाचं नाव. हौशी लोक लांबलांबून मोराचा होन विकत घ्यायला यायचे. आणि जिथं हौस जाते तिथं ठक आधीच जाऊन बसलेला असतो. म्हणून निंबाशेटचा शब्द निघाल्याशिवाय कोणी पिशवीची गाठ सोडत नसे.

एकदा एक पागोटेवाला आला. म्हणाला, "शेट, नांगराच्या फाळाला लागला. आजोबांच्या आजोबांच्या काळचा आहे."

निंबाशेटनं होन नाकाशी नेला. "आजोबांचे आजोबा काल तुमच्या चुलीत निजले होते का? धुराचा वास येतोय."

"तसं नाही, शेट—"

"आणि हा मोर बघा. खऱ्या होनावर मोराची मान आधी झिजते, कारण ती सगळ्यात उंच. ताठ मानेचं तसंच असतं, माणसातसुद्धा. तुमच्या मोराची मान शाबूत आणि पिसारा झिजलेला. हा काय आयुष्यभर उताणा फिरत होता?"

पागोटेवाला पागोटं सावरत गेला.

एकदा एक जहागीरदारीण आली. तिचा होन अगदी खरा होता, पण तिनं तो चिंच आणि राख लावून लखलखीत केला होता. निंबाशेटनं तो उलटसुलट केला आणि हळहळला. "बाईसाहेब, जुनं नाणं घासू नये हो. ह्याच्या अंगावर जो काळ बसला होता, तो तुम्ही मोरीत ओतलात. आता हे नुसतं सोनं आहे."

असा हा माणूस. त्याची विद्या खरी होती, हे लक्षात ठेवा. गाढवाची गोष्ट सांगायला मी बसलेलो नाही. गाढवं चुकत नाहीत, चुकायला आधी काहीतरी यावं लागतं.

ह्या सगळ्या विद्येत त्याची मोठी ख्याती होती ती कानाची. होन बोटाच्या टोकावर तोलून धरायचा आणि नखानं टिचकी मारायची. खरा असेल तर 'खण्ण' असा लांब आवाज निघतो, पोटात तांबं असेल तर 'बद्द'. निंबाशेट डोळे मिटून टिचकी मारायचा. लोक श्वास धरून बसायचे. आवाज झाला की डोळे उघडून तो एकच शब्द बोलायचा, "खरा," नाहीतर "खोटा."

लोकांनी वाहवा केली आणि तिथंच घोटाळा झाला. निंबाशेटला वाटलं, असा कान असताना दगड कशाला? म्हणून सोन्याची रेघ ओढून बघायचा काळा कसोटीचा दगड त्यानं उचलला आणि लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ठेवला, वजन म्हणून. तराजू स्वयंपाकघरात गेला. त्यात कांदे राहू लागले.

पुढं पुढं त्याच्या बोटाला खोडच लागली. नारळाला टिचकी, घागरीला टिचकी, देवळात गेला तर घंटेलासुद्धा आधी टिचकी. तरुणपणी मुलगी बघायला गेला, तर लाडवाचं ताट पुढं आल्यावर लाडू राहिला बाजूला, ह्यानं ताट वाजवलं. "कासं आहे की कल्हई?" आतून मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना विचारा, त्यांच्या डोक्यावर टिचकी मारून बघू का?" सोयरीक तिथंच मोडली. दुसरी कोणी आणली नाही.

ताटापर्यंत ठीक होतं हो. मग तो माणसांचं बोलणं वाजवून बघू लागला.

शेजारी विचारायचा, "जेवलात का शेट?" निंबाशेटच्या कानात ते 'बद्द' वाजायचं. ह्याला माझ्या जेवणाशी काय? कुदळ हवी असणार. कधीकधी शेजाऱ्याला कुदळ खरंच हवी असायची. पण कधीकधी नुसतंच, शेट जेवला की नाही, एवढंच हवं असायचं. निंबाशेटनं दोघांनाही एकच उत्तर दिलं, दार लावून. होता होता विचारणारे विचारेनासे झाले. पेठेत जत्रा भरायची, पालख्या निघायच्या, कोणाच्या घरी पाळणा हलायचा. ह्याच्या दारात फक्त होन घेऊन आलेली माणसं यायची, आणि ती होनाकडं बघायची.

संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की तो आपल्या पेटीतले पाचसात मोर चौरंगावर मांडून बसायचा. ते विकायचा नाही. नुसता बघायचा. एक ताट, एक तांब्या, एक भाकरी. भाकरी मोडल्याचा आवाजसुद्धा त्या घरात मोठा वाटायचा.

बोलायला होती ती एक पाल.

तुमच्याआमच्या मनात शंकेची पाल अधूनमधून चुकचुकते आणि गप्प बसते. निंबाशेटची पाल खरोखरीची होती. दिव्याच्या कोनाड्यात राहायची, आणि बोलायची. इतर घरांत पाल चुकचुकली की लोक 'कृष्ण कृष्ण' म्हणतात आणि विसरून जातात. निंबाशेट म्हणायचा, "बोल बाई." अशी माया मिळाल्यावर कुठली पाल बारीक राहील? ती मनगटाएवढी जाड झाली होती.

निंबाशेटच्या समोरच्याच घरात आवडाबाई राहायची. तिचा नवरा बैलांवर मीठ लादून घाट चढायचा आणि उतरताना थापा घेऊन यायचा. वाघाशी बोललो, ढगावर झोपलो, असल्या. पेठ त्याला थापाड्या म्हणायची आणि तो आला की त्याच्याभोवती गोळा व्हायची. त्यानं लग्नात आवडाबाईला एक मोराचा होन दिला होता, असं तो सांगायचा. तीसुद्धा थापच, असं पेठेला वाटायचं.

आवडाबाई मात्र नावाजलेली होती ती कुंकवासाठी. पुनवेच्या चंद्रासारखं गोल कुंकू. रोज सकाळी ओट्यावर आरसा घेऊन बसायची, कपाळाला काहीतरी दाबायची आणि मान वर करायची, की चंद्र उगवलेला. निंबाशेट दात घासता घासता हे समोरून बघायचा. मग नवरा वारला. चंद्र मावळला. ओट्यावरचा आरसा गेला, आणि निंबाशेट दात घासताना भिंतीकडं तोंड करून उभा राहू लागला.

फाल्गुनात मोठी वावटळ आली आणि आवडाबाईच्या घराचं छप्पर उडालं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ती निंबाशेटच्या दारात उभी राहिली. हातात फडक्याची पुरचुंडी.

"शेट, वेळ आहे का?"

"होन आहे का?" निंबाशेटनं विचारलं. बघा, ह्याला म्हणतात बोलण्याची रीत.

ती आत येऊन बसली. पुरचुंडी सोडली नाही. "आहे. विकायचाय. पण तुम्हालाच."

"मलाच का?"

"तुम्ही नाणी ठेवून बघत बसता म्हणे. बाहेरच्यानं नेला तर गेलाच. तुमच्याकडं राहिला तर संध्याकाळचं येऊन घटकाभर बघता येईल." मग जरा थांबून म्हणाली, "येताना भाकरी आणीन. एकटीसाठी पीठ मळलं तरी हात तेवढाच भरतो. एक जास्त टाकायची."

निंबाशेटच्या आत कुठंतरी 'खण्ण' असं वाजलं. फार वर्षांनी वाजलं होतं, म्हणून तो दचकलाच.

"आणि खोटा निघाला तर?" तो म्हणाला.

"तर छप्पर होत नाही. घाटावर पुतण्या आहे, तो ये म्हणतोय. उद्याच जाईन. मग इथं काय आहे माझं?"

कोनाड्यात पाल चुकचुकली. आवडाबाईला नुसतं 'चुक चुक' ऐकू आलं आणि ती सवयीनं म्हणाली, "कृष्ण कृष्ण." निंबाशेटला मात्र सगळं ऐकू आलं. पाल म्हणत होती, "इतकी वर्षं समोर राहते. छप्पर उडालं तेव्हा बरी तुझी आठवण झाली? भाकरी म्हणे."

निंबाशेटनं हात पुढं केला. होन घेतला. उजेड कमी झाला होता. मोर धड दिसेना, सगळं कसं बुजलेलं. काठाला मात्र लालसर काहीतरी होतं.

"तांबं," पाल म्हणाली. "मुलामा उडालाय."

आता त्यानं उठून दिवा लावायला हवा होता. कांदे काढून तराजू आणायला हवा होता. लोणच्याच्या बरणीवरचा दगड तर तीन पावलांवर होता. पण एवढी ख्याती झालेल्या माणसानं एका बाईच्या होनासाठी बरणी हलवायची? त्यानं होन बोटावर घेतला, डोळे मिटले आणि टिचकी मारली.

बद्द.

"खोटा," निंबाशेट म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण आपण दुखावलो की दुसऱ्याच्या अंगावर एखादं वाक्य जास्तीचं टाकतो. तो म्हणाला, "तुमच्या नवऱ्यानं तुम्हालाही थापच दिली, बाई. जन्मभराची."

आवडाबाईनं पुरचुंडीचं फडकं मांडीवर पसरलं. फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "होय का," म्हणाली आणि उठली.

"होन राहिला तुमचा."

"ठेवा तुमच्याकडं," ती दारातून म्हणाली. "खोट्याला काय करू?"

सकाळी समोरच्या दाराला कडी होती. निंबाशेटनं तो होन खिडकीच्या दगडी कट्ट्यावर टाकून दिला, आणि तिथंच तो पडून राहिला. संध्याकाळी त्यानं भाकरी केली. मोडली. आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला.

"बरं झालं गेली," पाल म्हणाली.

"हूं," निंबाशेट म्हणाला, आणि त्या दिवशी पालीशी पुढं बोलला नाही.

वैशाख आला. ऊन असं की कावळे सावलीच्या शोधात माणसांच्या मागं चालायचे. खिडकीचा दगड तव्यासारखा तापला. दुपारी पाणी प्यायला उठलेल्या निंबाशेटला कट्ट्यावरून एक लाल ओघळ उतरताना दिसला. त्यानं बोट लावलं. चिकट. वास घेतला. ज्या नाकानं चुलीचा धूर ओळखला होता, त्याला हा वास ओळखायला काय लागतं? तेल घालून मऊ केलेलं मेण, आणि कुंकू.

त्या काळी बायका आधी कपाळाला मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू बसवायच्या, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. आवडाबाई ते मेण होनानं दाबायची. म्हणून तिचं कुंकू चंद्रासारखं गोल. वर्षानुवर्षं रोज सकाळी होनाच्या अंगावर थोडं मेण, थोडं कुंकू राहत गेलं. मोर त्यात बुडाला, राजाचं नाव बुडालं, काठ लाल झाला. आणि अंगावर मेणाची गोधडी घेतलेलं नाणं वाजेल तरी कसं?

मेण ओघळलं तिथून मोराची मान वर आली होती. मान झिजलेली होती. जशी झिजायला हवी तशी.

निंबाशेट धावला. बरणीवरचा दगड उचलला, धोतराला पुसला, होनाचा काठ त्यावर ओढला. पिवळी रेघ उमटली, भर उन्हातल्या झेंडूसारखी. एवढं शुद्ध सोनं त्याच्या स्वतःच्या पेटीतसुद्धा नव्हतं.

"खरा आहे," तो म्हणाला. घरात ऐकायला पालीशिवाय कोणी नव्हतं. "थापाड्यानं एवढं एक खरं सांगितलं होतं. मी आत्ता जातो. तिला दाखवतो. परत घेऊन येतो."

आणि मग त्या आनंदात त्यानं काय केलं असेल? सांगा. तुमच्यापैकी अर्ध्यांनी तेच केलं असतं. होन लखलखीत दिसावा, बघताक्षणी तिची खात्री पटावी, म्हणून त्यानं चिंच भिजवली, राख घेतली आणि घासायला बसला.

"चुक चुक," पाल म्हणाली.

"गप्प बस," निंबाशेट म्हणाला. आयुष्यभर तिचं ऐकलं, आणि ऐकायचं त्या एका दिवशी नेमकं ऐकलं नाही.

होन आरशासारखा झाला. लाल पाणी मोरीतून वाहून गेलं.

पुतण्याचं घर घाटाच्या माथ्यावर होतं. निंबाशेट धापा टाकत पोचला तेव्हा आवडाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून उठली, पाणी दिलं, पुन्हा बसली.

"बाई, होन खरा आहे."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तेव्हाही तुम्हीच म्हणाला होतात."

निंबाशेटनं होन बोटावर तोलला आणि टिचकी मारली. खण्ण. गोठ्यातली गाय मान वर करून बघू लागली.

"वाजतोय चांगला," आवडाबाई म्हणाली. "पण माझा वाजत नव्हता. हा तुमच्या पेटीतला असेल. कीव आली असेल माझी."

"तोच आहे. शपथेवर सांगतो, तोच."

"माझ्याच्या काठाला लाल होतं."

"ते तांबं नव्हतं, बाई. कुंकू होतं."

"मला सांगता?"

निंबाशेट जरा गडबडला. "मेण आणि कुंकू बसलं होतं त्यावर. म्हणून बद्द वाजला. ते सगळं मी पुसलं. स्वच्छ केलं. बघा तर खरं."

तिचा हात सुपात थांबला.

"पुसलंत," ती म्हणाली. "मला न पुसता?"

निंबाशेटनं होन तिच्यासमोर सुपाच्या काठावर ठेवला.

"ते गेले त्या दिवशी बायकांनी माझ्या कपाळावरचं पुसलं. तेव्हाही मला कोणी पुसलं नाही. होनावरचं तेवढं राहिलं होतं. म्हणून मी त्याला पाण्याचा हात लावला नाही. आणि तुमच्याकडं का आणला होता, शेट? हा माणूस जुनं नाणं घासत नाही म्हणतात, म्हणून."

"तुमचा नवरा खरा होता," निंबाशेट कसंबसं म्हणाला.

"ते मला ठाऊक होतं हो. पण तुमच्या तोंडून ऐकलं त्या संध्याकाळी घटकाभर मलाही तो खोटा वाटला. त्या घटकेचं आता मी काय करू?"



तिनं होन घेतला, एकदा अंगठा फिरवून बघितला. अंगठ्याला काही लागलं नाही. तिनं पुतण्याला हाक मारली. "हे घे रे. हे विकून तुला हवा होता तो बैल घेऊन ये. आता हे नुसतं सोनं आहे."

हेच शब्द कोणे एके काळी आपण एका बाईसाहेबांना मोठ्या ऐटीत ऐकवले होते, हे निंबाशेटला आठवलं.

"परत चला की," तो म्हणाला. "छप्पर मी घालून देतो."

"छप्पर तेव्हाच झालं असतं," आवडाबाई म्हणाली. रागानं नाही. "खाली उतरेपर्यंत अंधार होईल. थांबा." आत जाऊन तिनं फडक्यात भाकरी बांधून आणली. "एक जास्तच टाकली होती आज."

अर्ध्या घाटात निंबाशेट दगडावर बसला. भाकरी हातात घेतली. सवयीनं बोट उचललं गेलं, टिचकीसाठी. बोट तसंच थोडा वेळ अधांतरी राहिलं. मग त्यानं ते खाली घेतलं आणि भाकरी मोडली. उघड्या डोंगरावर तिचा आवाजसुद्धा आला नाही.

त्यानंतर निंबाशेटचा धंदा बदलला. होन आला की तो आधी माणसाला बसवायचा. "हा कुणाचा? कुठं होता? अंगावर काय लागलंय, आणि कुणाच्या हातचं?" मग दिवा, मग तराजू, मग दगड, आणि कान सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक वैतागायचं, पण बोलायचं. पेठेतली माणसं हळूहळू दारात टेकू लागली. कुदळ मागायला आलेल्याला कुदळ मिळू लागली.

पण संध्याकाळी तो दोन भाकऱ्या करायचा. एक खायचा. दुसरी ताटात राहायची, आणि तो उघड्या दारातून समोरच्या बिनछपराच्या घराकडं बघत बसायचा. तिथं आता चंद्र थेट आत उतरायचा.

"येईल का रे ती?" पाल विचारायची. ती बारीक झाली होती.

"कृष्ण कृष्ण," निंबाशेट म्हणायचा.

संपली गोष्ट. आता बोध सांगतो. त्यात ज्याला एकच शब्द दोनदा दिसेल, त्यानं घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पुसावं. फडक्यानं नव्हे, तोंडानं.

बोध: आधी पुसावं, मग पुसावं.